डब्यातलं रान

"आवं, ताट वाढलंय," असं कुणीतरी पाठीमागून म्हणालं आणि पृथ्वीराजच्या बोटांतला स्क्रू निसटून मदरबोर्डाखाली गेला. भर दुपार होती. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. तेव्हा बोलली ती आईच, यात शंका घ्यायला जागा नव्हती. आवाजही तिचाच होता. पण मुक्ताबाईंनी उभ्या जन्मात मुलाला 'आवं' म्हटलं नव्हतं. त्याला ती पिरथ्या म्हणायची, रागावली की मुडद्या म्हणायची आणि चारचौघांत 'आमचा पृथ्वीराज' म्हणायची. 'आवं' ही हाक एकाच माणसाची होती, आणि तो माणूस, म्हणजे पृथ्वीराजचे वडील बजरंगराव, जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हातारपणी जीभ घसरते, असं पृथ्वीराजने स्वतःला सांगितलं. त्याने वळून बघायला हवं होतं. माणूस अशा वेळी वळतोच. पण मदरबोर्डाखाली स्क्रू सुटा राहिला आणि वर वीज सोडली तर सगळंच जळून जातं, म्हणून तो चिमटा घेऊन वाकलेलाच राहिला आणि वाकल्या वाकल्या नुसतं "हं" म्हणाला. पाठीमागे टेबलाच्या कडेवर ताट ठेवल्याचा आवाज झाला. मग आई गेली. पुढे जे झालं त्याची सुरुवात शोधायचीच तर ती त्या 'हं'पाशी शोधावी लागेल, कारण बजरंगराव नेमके तसेच म्हणत असत, न वळता, नाकातून.

खराडीत आता ऊस बघायचा तर रसवंतीवर जावं लागतं. पृथ्वीराज लहान असताना तो घरामागेच होता, उसापलीकडे ज्वारी, आणि ज्वारीपलीकडे थेट नदीपर्यंत लोकांची रानं. मग गाव शहरात गेलं असं म्हणतात. खरं म्हणजे गाव जागच्या जागी राहिलं आणि शहर येऊन त्याच्या उरावर बसलं. बजरंगरावांनी रान दिलं. सगळ्यांनीच दिलं. बिल्डरने त्याच रानात उभ्या केलेल्या इमारतीत त्यांना फ्लॅट मिळाला, आणि जिथे ते पेरत होते त्याच्या बरोबर वर, हवेत, ते कुटुंब राहायला गेलं. पुढे पृथ्वीराज शिकला आणि जवळच्याच एका आयटी पार्कात लागला. काचेच्या त्या इमारतीत बसून तो दूरदेशीच्या एका विमा कंपनीच्या प्रोग्राममधले दोष शोधायचा, आणि सगळे दोष सापडून झाल्यावर कंपनीने त्याला घरी पाठवलं. बैल विकला तरी दावं मालक ठेवून घेतो, तसा ओळखपत्राचा गळ्यातला पट्टा त्यांनी ठेवून घेतला. त्याची बायको तनुजा एका बँकेत आहे. ती शनिवार पेठेतली. तिच्या माहेरी मायासुद्धा टोमण्यात गुंडाळूनच देतात. "बरं झालं," ती म्हणाली, "माळा आवरायला कुणीतरी हवंच होतं." आणि तिने घराचा सगळा भार अंगावर घेतला, पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पृथ्वीराजला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची, आणि मधला दिवस त्याच्यापुढे मोकळ्या माळासारखा पसरलेला असायचा. शेवटी तो खरंच माळ्यावर चढला.

तिथे सगळ्यात मागे, जुन्या गाद्यांखाली, बजरंगरावांचा कॉम्प्युटर होता. आणला होता तो पृथ्वीराजच्या शिक्षणासाठी, रान दिल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीला. पण त्याच्यावर शिकला तो बाप. जन्मभर पहाटे उठलेल्या माणसाला, रान गेलं म्हणून काही उशिरापर्यंत झोप लागत नाही. बजरंगराव पहाटेच उठून बसायचे आणि दिवसाचं काय करायचं ते त्यांना कळायचं नाही. पोराने मित्राकडून मोटारींच्या शर्यतीचा एक गेम आणून टाकला होता. ते आधी पाठीमागे उभं राहून बघायचे, मग एकदा खुर्चीवर बसले, आणि त्यानंतर त्या खुर्चीवरून कधी उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. शर्यत मात्र त्यांनी कधी केली नाही. बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या की हे आपली गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घ्यायचे, बाजूच्या हिरव्या पट्ट्यात उतरवायचे, आणि तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने न्यायचे. टोकाला वळवायचे. पुन्हा शेजारून परत. चाकांचे काळे वळ हिरव्यावर उठायचे आणि गाडी लांब गेली की पुसले जायचे. "नांगरलेलं ऱ्हात न्हाई इथं," एवढी एकच तक्रार त्यांनी त्या गेमबद्दल केली. पुढे घरात लॅपटॉप आले, तनुजाने त्यांना चांगला मोबाईल घेऊन दिला, पण त्यांनी त्या जुन्या यंत्राची पाठ सोडली नाही. डावा पाय खुर्चीवर दुमडलेला, एक हात कीबोर्डवर आणि दुसरा शेजारच्या पत्र्याच्या डब्यावर. डबा तापायचा, आत काहीतरी घुरघुरायचं, आणि ते त्याच्यावरून बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत राहायचे.

लहानपणी पृथ्वीराजची खात्री होती की वडील जे बघतात ते पडद्यावर नसून त्या डब्यात आहे. ते अंघोळीला गेले की तो डब्याला कान लावायचा. आतून कुणीतरी दात खात झोपल्यासारखा आवाज यायचा, ती हार्ड डिस्क होती हे त्याला पुढे कळलं. इंजिनियर झाल्यावर तर सगळंच कळलं. पण कळलं म्हणून शंका जाते असं नाही; ती नुसती गप्प बसते. आता माळ्यावरून काढला तेव्हा डब्याचा तळ गंजून पापुद्र्यांनी सुटत होता. नवा डबा कुठेही मिळाला असता. पण पृथ्वीराजच्या डोक्यात आलं की डबा आपणच करायचा, आणि तो पारदर्शक करायचा, आत काय आहे ते एकदाचं लख्ख दिसू दे. कुणाला दिसू दे, ते त्याने ठरवलं नव्हतं.

शनिवार पेठेत, सासुरवाडीच्या वाटेवर, दारावरच्या पाट्या करून देणारं एक दुकान आहे. "पारदर्शक अ‍ॅक्रिलिक हवंय," पृथ्वीराज म्हणाला. "कशासाठी?" मालकांनी मान वर न करता विचारलं. "कॉम्प्युटरचा डबा करायचाय." "हल्ली कॉम्प्युटर डब्यासकट मिळतात. चौकशी केलीत?" तरी त्यांनी मापात तुकडे कापून दिले, आणि जोडायला म्हणून छोट्या बाटलीत क्लोरोफॉर्म आणि एक इंजेक्शनची सुई दिली. "सुईने फटीत सोडायचा. दोन्ही कडा विरघळतात आणि एक होतात. नंतर वेगळ्या करायला आणू नका, होत नाहीत. आणि खिडकी उघडी ठेवा. झोप लागली तर दुकान जबाबदार नाही." पृथ्वीराज घरी आला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मन लावून कामाला बसला. तुकड्यांवरचा संरक्षक कागद तसाच ठेवून भोकं पाडायची, ड्रिल घाईने फिरवलं की तडा जातो म्हणून थांबत थांबत पाडायची, कडा पॉलिश पेपरने घासायच्या. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास पडद्यांत, उशांत, पाण्याच्या तांब्यातसुद्धा शिरला. त्या वासात दुपार जरा हलायची, म्हणजे भिंती होत्या तिथेच असायच्या, पण त्यांच्याकडे सरळ बघितलं नाही तर त्या किंचित मागे सरकल्यासारख्या वाटायच्या. "दवाखान्यावानी वास येतोय," आई म्हणाली होती, आणि दारातूनच परत गेली होती.

दवाखान्याची तिला चांगलीच ओळख झाली होती. बजरंगराव गेल्यापासून मुक्ताबाईंनी अन्न टाकलं होतं. रुसून किंवा व्रत म्हणून नव्हे. त्यांना बिचारीला जेवताच यायचं नाही. त्या घरची रीत अशी की बाई धन्याच्या आधी जेवायची नाही, आणि जेवायची ती त्याच्याच ताटात. बजरंगराव चतकोर भाकरी आणि तोंडी लावायचं थोडं कोरड्यास मागे ठेवून उठायचे, तिने ते ताट पुढे ओढायचं, त्यातच स्वतःचं वाढून घ्यायचं. लग्न होऊन आल्यापासून तिने स्वच्छ ताटात पहिला घास कधी खाल्लाच नव्हता. आता तनुजा तिला धुतलेलं ताट वाढून द्यायची आणि ती त्याच्याकडे, परक्याच्या घरी आल्यासारखी, बघत बसायची. दोन-चार शितं चिवडायची. अंगावरचं लुगडं सैल होत गेलं. तिला दाखल केलं, सलाईनं लावली. सोडताना डॉक्टरांनी पृथ्वीराजला बाजूला घेऊन सांगितलं की रोग काही नाही, पण असंच चाललं तर या फार दिवस काढायच्या नाहीत. तेव्हापासून पृथ्वीराजला दुसरी भीती उरलीच नव्हती. नोकरी गेल्याचं दुःखसुद्धा त्याला या भीतीमागे उभं राहून, आपली पाळी येईल तेव्हा येईल, असं वाट बघत असल्यासारखं वाटायचं.

त्या 'आवं'च्या दुपारी त्याने स्क्रू शोधून काढला, काम करता करता अर्धी भाकरी खाल्ली, आणि मध्येच एका फटीत क्लोरोफॉर्म सोडायची वेळ आली म्हणून ताट तसंच बाजूला सारलं. आई कधी येऊन ते घेऊन गेली त्याला कळलं नाही. पाणी प्यायला तो स्वयंपाकघराकडे गेला आणि दारातच थांबला. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पुढ्यात त्याचं उष्टं ताट. ती जेवत होती. नीट, भाकरी मोडून, कालवून, बोटं चाटून. त्याने ठेवलेली अर्धी तिने संपवली, दुसरी घेतली, वर ठेचा घेतला. पृथ्वीराज पाणी न पिता पावलांचा आवाज न करता माघारी आला आणि खुर्चीवर बसून रडला. इतका आनंद त्याला झाला होता की आपण नेमकं काय बघितलं याचा विचार करायला तो तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी तो दुपारी मुद्दाम दाराकडे पाठ करून बसला. "आवं, ताट वाढलंय." "हं." चतकोर भाकरी मागे.

महिन्याभरात मुक्ताबाईंच्या गालांवर मांस दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "वा." संध्याकाळी तनुजा आली की त्या तिच्याशी सोसायटीतल्या भांडणांबद्दल बोलायच्या, पृथ्वीराजला पिरथ्या म्हणायच्या, टीव्ही मोठा लाव म्हणायच्या, कुठेही काही वेडंवाकडं नाही. फक्त दुपार तेवढी वेगळी होती. दुपारची भाजी वेगळी असायची, वडिलांच्या आवडीची, चवळीची नाहीतर माठाची. ताटाशेजारी कांदा फोडून ठेवलेला असायचा, सुरीने चिरलेला नव्हे. पृथ्वीराजला कांदा आवडत नसे. तो खायचा.

डबाही पूर्ण झाला. कागद सोलून काढला तेव्हा आत सगळं पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं दिसत होतं: हिरवा बोर्ड, करड्या चपट्या वायरी, पंखा, आणि तळाशी ती हार्ड डिस्क. वीजपुरवठ्याचा भाग तेवढा नवा घातला होता. बटण दाबल्यावर यंत्राने घसा खाकरला आणि ते सुरू झालं. आतली छोटी बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे त्याला आजची तारीख माहीत नव्हती. दरवेळी सुरू झालं की ते मुक्ताबाई नवी नवरी होत्या तेव्हाचं साल दाखवायचं. पृथ्वीराजने बॅटरी बदलायची ठरवली आणि बदलली नाही. गेम होता तिथेच होता. पहिल्या दिवशी त्याने शर्यती केल्या, जिंकल्याही. त्याने डब्यात वाकून वाकून पाहिलं. गाडी जोरात गेली की डिस्कचा लाल दिवा लुकलुकायचा, बस. एवढंच होतं तर. इतक्या वर्षांची शंका फिटली म्हणून त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं असं की पारदर्शक करून आपण त्याला लपायला जास्त चांगली जागा दिली. असले विचार क्लोरोफॉर्मने येत असतील असं म्हणून त्याने खिडकी उघडली. बाटली तर कधीच बूच लावून कपाटात ठेवली होती.

मग एका दुपारी सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या आणि त्याचा हात काही वेग घेईना. गाडी कडेला गेली. त्याने नेली असंही म्हणता येईल. ती हिरव्यात उतरली, टायरखाली माती आल्यासारखा आवाज बदलला, जड झाला, आणि पृथ्वीराजला एकदम फार शांत वाटलं. त्याने गाडी त्या टोकापर्यंत नेली. वळवली. वळताना आवाज चढायचा, पुन्हा सरळ झाली की खाली बसायचा. शेजारून परत आणली. मागचे वळ पुसले गेले होते. ते पुसले जातात म्हणूनच हे काम संपत नाही, आणि संपत नाही म्हणून बरं वाटतं, हे त्याला तेव्हा कळलं; वडिलांची ती तक्रार नव्हतीच, उगीच लोकांना सांगायला म्हणून ते तसं म्हणायचे. खिडकीबाहेर क्रेन फिरत होती. खाली कुठेतरी, पार्किंगच्याही खाली, खरी माती होती, तिच्यावर ऊन पडून कित्येक वर्षं झाली होती. केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की आपला डावा पाय खुर्चीवर दुमडलेला आहे आणि एक हात डब्यावर आहे. अ‍ॅक्रिलिक पत्र्यासारखं तापत नाही. तरी ते कोमट होतं, अंगासारखं.

त्याच सुमाराला त्याने कुंकू पाहिलं. आई पाठीमागे ताट घेऊन उभी होती आणि उन्हाची तिरीप डब्याच्या बाजूवर अशी पडली होती की तिच्यात खोलीचं प्रतिबिंब उमटलं होतं. बोर्डाच्या वर, वायरींच्या मधोमध, कपाळाच्या उंचीला, एक लाल ठिपका होता. तो सर्किटचा नव्हता. पंखा त्याच्या आरपार फिरत होता. बजरंगराव गेले तेव्हा भावकीतल्या बायकांनी आईचं कुंकू पुसलं होतं, पृथ्वीराजने दारातून ते बघितलं होतं, आणि तिने ओरडू नये म्हणून एका बाईने तिच्या तोंडावर हात ठेवला होता, तो हातही बघितला होता. आता मान वळवली तर तिला त्याचं तोंड दिसणार, आणि दिसलं की तिचं कुंकू दुसऱ्यांदा पुसलं जाणार, यावेळी त्याच्या हातून. त्याने मान वळवली नाही. "हं," म्हणाला. संध्याकाळी तनुजा आली तेव्हा आईचं कपाळ कोरं होतं, नुकतंच धुतल्यासारखं ओलसर.

तनुजा एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून बँकेतून लवकर आली. तिने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं, आतल्या खोलीपर्यंत आली, आणि कुणाला काही न बोलता पुन्हा बाहेर जाऊन सोसायटीच्या बाकावर बसून राहिली. हे तिने रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं, भांडी पुसत. "तुला वाटलं असेल मला कळत नाही."

"ती जेवते, तनु," पृथ्वीराज म्हणाला.

"दिसलं. कोणाच्या ताटात जेवतात?"

"वजन वाढलंय तिचं. डॉक्टरांनी सांगितलं."

"त्यांचं वाढलंय, हो. तुझं काय काय कमी झालंय ते त्यांच्या काट्यावर दिसत नाही." तिने फडका दांडीवर नीट घडी घालून टाकला. तिचा आवाज चढला नव्हता. "मी आत आले तेव्हा मला आधी बाबाच दिसले, पृथ्वी. मी पदर घ्यायला गेले. मी पंजाबी ड्रेस घातला होता आणि मी पदर शोधत होते."

त्यानंतर नोकरीसाठी तिनेच ओळखीपाळखी काढल्या. हिंजवडीत एका कंपनीत त्याची निवड झाली, इंग्लंडच्या वेळेची पाळी, म्हणजे दुपारी निघायचं. त्याने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "सोमवारी मी रजा घेतलीय," तनुजा म्हणाली. "मी गाडीत बसवून स्वतः नेऊन सोडणार आहे. आईंना मी संध्याकाळी जेवायला घालेन, माझ्या उष्ट्या ताटात घालेन, हवं तर पुरुषाचा वेष करून घालेन. पण तू त्या खुर्चीतून ऊठ. तुझे बाबा उठले नाहीत."

ते पृथ्वीराजला सांगायची गरज नव्हती. बजरंगराव गेले त्या दिवशी मुक्ताबाईंनी नेहमीसारखं ताट आणून ठेवलं होतं, "आवं, ताट वाढलंय" म्हटलं होतं, आणि 'हं' आलं नव्हतं. रंगात आलेत, असं त्यांना वाटलं. काम करणाऱ्याला दुसऱ्यांदा हाक मारायची पद्धत नव्हती. त्या दाराशी जमिनीवर बसून राहिल्या, उपाशी, दिवेलागणीपर्यंत. तनुजा आली तेव्हा खोलीत अंधार होता आणि पडद्यावर गाडी हिरव्यात एकाच जागी गोल गोल फिरत होती, कारण बजरंगरावांचं बोट बटणावरच राहिलं होतं. ते थंड झालं होतं. तनुजाने ते उचललं तेव्हा गाडी थांबली आणि यंत्रही बंद पडलं. "मला वाटलं, आत्ता उठत्याल," एवढंच आई सगळ्यांना सांगत होती.

सोमवारी पृथ्वीराजने इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले. तनुजा गाडी काढायला खाली गेली होती. खोलीत यंत्र चालू होतं. सकाळी सवयीने, उभ्याउभ्याच, त्यानेच लावलं होतं आणि हिरव्याच्या कडेला गाडी उभी करून ठेवली होती. ते बंद करायचं, आईच्या समोर उभं राहायचं, आपलं तोंड तिला दिसू द्यायचं आणि नीट सांगायचं, असं त्याने रात्रभर घोकलं होतं. तिने पुन्हा अन्न टाकलं तर काय, तेवढं मात्र त्याने घोकलं नव्हतं. तो खोलीच्या दाराशी आला आणि आई समोरून ताट घेऊन आली. कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर. त्याने आता तोंड फिरवलं नाही. तिच्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, "आई, मी कामावर चाललोय. नवी नोकरी लागलीय."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काहीही झालं नाही. ती दचकली नाही, रडली नाही, कपाळाकडे हात नेला नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "मोकळ्या हातानं घरात बसू नये गड्यानं." आणि त्याच्या शेजारून आत गेली, रिकाम्या खुर्चीच्या मागे उभी राहिली, टेबलाच्या कडेवर ताट ठेवलं आणि म्हणाली, "आवं, ताट वाढलंय." मग ती दाराशी येऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

पृथ्वीराज बघत राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं की आई आपल्याला वडील समजते. त्या समजुतीवरच तो मनातून जरासा फुशारला होता, आईला मी जगवलं म्हणून. आता त्याच्या डोळ्यांसमोर चवळीची भाजी निवत होती आणि खुर्चीत कुणी नव्हतं. "आई, ताट इकडे आण," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "मी जेवतो. मी बसतो तिथे, तू उगीच थांबू नकोस." तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"तिथं नको, पिरथ्या," आई हळू आवाजात म्हणाली, "ते बसल्यात." तिच्या चेहऱ्यावर शहाण्या माणसाचं नेहमीचं हसू होतं, पोरगं मध्ये मध्ये करतं म्हणून येतं तसं. "इतके दिस त्यांच्या मांडीवर बसून जेवलास. आता मोठा झालास न्हवं?"

त्याने हात मागे घेतला. खुर्चीची पाठ कोमट होती. सकाळपासून तिथे कुणीच बसलेलं नव्हतं. "आणि तू?" त्याने विचारलं. "तू कधी जेवणार?"

"त्यांचं झालं की."

"मला भूक लागलीय, आई." हे त्याला म्हणायचं नव्हतं. त्याला ओरडायचं होतं, तिला खांद्याला धरून हलवायचं होतं, ते काचेसारखं दिसणारं सगळं उचलून गच्चीतून खाली टाकायचं होतं. पण तोंडातून आलं ते हेच, आणि ते खरं होतं. पोटात खड्डा पडला होता. "मला वाढतेस?"

"थांब जरा. त्यांस्नी उठू दे आधी."

खालून हॉर्न वाजला, मग खिशातला फोन थरथरायला लागला. पृथ्वीराजच्या पाठीमागे पडद्यावरच्या गाडीचा आवाज जड झाला, हिरव्यात उतरल्यावर होतो तसा, आणि सरळ चालू लागला. टोकाशी आला तेव्हा चढला. वळला. त्याने मान वळवली नाही. त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट दाराबाहेर काढून ठेवले आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसला. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि दोघंही ताटाकडे बघत राहिली.